कोल्हापुरात नवीन फ्लॅट घेतोय. बिल्डर पार्किंगचे वेगळे पैसे मागतोय आणि पिवळ्या पाटीची गाडी आत लावायची नाही असा नियम टाकलाय. हे चालतं का?

भावा, कराराचा ड्राफ्ट हातात आलाय का नुसतं ब्रोशर बघून विचारायलायस? ब्रोशरमध्ये सगळ्यांच्याच गाड्या मावतात.

पैशाचं आधी सांगतो. डोक्यावर छत नसलेलं उघडं पार्किंग कॉमन एरियात धरतात, रेरात, म्हणजे बिल्डरांवरच्या कायद्यात, ते बिल्डरला विकताच येत नाही, मागितले तर सरळ नाही म्हण. स्टिल्टचं, म्हणजे बिल्डिंगखालच्या खांबांमधल्या पार्किंगचं, जरा किचकट आहे. 2010 ला सुप्रीम कोर्टानं स्टिल्ट विकता येत नाही असं सांगितलेलं आणि तेच सगळे व्हॉट्सॲपवर फिरवत असतात, पण तो निकाल मोफा या राज्याच्या जुन्या फ्लॅट कायद्यावरचा, आता महारेराच्या, म्हणजे राज्यातल्या रेरा प्राधिकरणाच्या, नमुना करारात कव्हर्ड पार्किंगची वेगळी जागाच आहे, त्यामुळं त्याचे पैसे लावतात. लावू देत. पण मग नंबर, लांबी, रुंदी, उंची आणि नेमकी जागा करारासोबत लेखी घ्यायची, 2024 मध्ये महारेरानं ते बंधनकारक केलंय. "पझेशनच्या वेळी बघू" म्हणाला तर उठून यायचं.

आता माझं ऐक. मी आणि माझ्या मेव्हण्यानं एकाच स्कीममध्ये फ्लॅट घेतले, कळंब्याच्या बाजूला. माझा मार्केट यार्डात भाजीचा धंदा, स्वतःचा छोटा हत्ती आहे, म्हणजे पिवळी पाटीच. ड्राफ्ट घरी आणला आणि जेवणं झाल्यावर वाचत बसलो तर मेव्हणा म्हणतोय, "दाजी, एवढी पानं कोण वाचतंय व्हय, सगळीकडं सेमच असतंय." सेम असू दे नाहीतर नसू दे, पैसे माझे जाणार होते. त्यात मागं डिक्लेरेशनचा, म्हणजे बिल्डिंगचे नियम असलेल्या घोषणापत्राचा, मसुदा लावलेला. आपल्याकडं बऱ्याच बिल्डिंगा सोसायटी न करता अपार्टमेंट कायद्याखाली करतात, तिथं खरी मेख या घोषणापत्रात असते आणि लोक फक्त करार चाळतात. त्यात एक ओळ, 'आवारात कोणत्याही प्रकारचे व्यापारी वाहन उभे करता येणार नाही'. म्हणजे मी आयुष्यभर हप्ते भरायचे आणि गाडी रस्त्यावर!

टेप घेऊन साइटवर गेलो. मेव्हणा बरोबर होता, वॉचमनसमोर म्हणाला, "दाजी, फ्लॅट घ्यायलाय का ब्लाउजचं कापड मापायलाय?" हसला, वॉचमन पण हसला. नकाशावर सगळे चौकोन सारखेच, अडीच मीटर बाय पाच मीटर. जाग्यावर बघितलं तर सात नंबरच्या बरोबर मधोमध जमिनीखालच्या पाण्याच्या टाकीचं लोखंडी झाकण, शेजारनं मोटारीचा पाइप वर गेलेला आणि खांब असा आलाय की ड्रायव्हरचं दार अर्धंच उघडतंय. मी अकरा नंबर मागून घेतला, भिंतीकडंचा, वर ड्रेनेजची लाइन नाही, बीमखालनं टेम्पोचा हूड जातोय का ते पण मापलं.

मग ऑफिसात. तिथला माणूस म्हणतोय, "ते छापीलच असतंय ओ, कोण पाळतंय." म्हटलं कोण पाळत नसेल तर खोडायला काय होतंय? चहावर चहा झाले, मेव्हणा लाजेनं बाहेर जाऊन उभारला, पण मी उठलो नाही. शेवटी मसुद्यातच बदल करून घेतला, माल न भरलेलं हलकं वाहन ज्याच्या त्याच्या नेमलेल्या जागेत उभं करायला हरकत नाही. बाजूला सही, आणि रजिस्टर करायच्या आधी परत वाचून बघितलं की तीच ओळ आहे का.

मेव्हण्याला सात नंबर आला. आता टाकी धुवायची असली, मोटार बिघडली, टँकर आला की वॉचमन पहाटे त्याची बेल वाजवतोय, गाडी काढा साहेब. आणि हा गडी परवा बारशात सगळ्या पै-पाव्हण्यांसमोर म्हणतोय, दाजी नशिबाचे, त्यांना पार्किंग चांगलं लागलं. लागलं? लॉटरी काढलेली काय? त्या दिवशी टेपचं दुसरं टोक धर म्हटलं तर धरलं नाही ह्यानं.

तर तुझा मुद्दा. नियम कायदेशीर आहे का नाही यावर भांडत बसू नको, सही करून मोकळा झालास की तो तुझ्यावर आलाच, आणि घोषणापत्र रजिस्टर झाल्यावर बदलायचं म्हणजे घरोघरी फिरायचं. जे बोलायचं ते आधी. करार रजिस्टर झाल्याशिवाय दहा टक्क्यांच्या वर पैसे घेता येत नाहीत, तुझं वजन तोवरच. सगळ्याच नियमांवर अडून पण बसू नको. आमच्यात गच्चीवर चूल मांडायची नाही असंही लिहिलंय, कोल्हापुरात, ते पण आखाडात! सोडून दिलं, मटण गॅसवर पण शिजतंय.

बेसमेंट पार्किंग असेल तर पूररेषा बघ. 2019 आणि 2021 ला शाहूपुरी, नागाळा पार्कात काय झालं ते आठव, तिथं नंबर लिहून घेऊन काय उपयोग.

आणि हो, हे सगळं रेरा रेरा म्हणतोय ते प्रोजेक्ट नोंदणीकृत असेल तर. प्लॉट 500 चौरस मीटरपर्यंत किंवा फ्लॅट आठपर्यंत असले तर नोंदणी लागतच नाही, आणि गावात तसल्या बिल्डिंगा लई आहेत. तुझी तसली असेल तर आधी स्वतःचा वकील बघ, बिल्डरनं सुचवलेला नको, आणि डिक्लेरेशनचा मसुदा मागून घे. द्यायला टाळाटाळ केली तर टोकन देऊ नको.