हॅम्लेटला वाडी म्हटलं, मग पॅरिशला काय म्हणायचं?

प्रश्न: इंग्लंडच्या सफोक काउंटीतल्या साउथ एल्मम या विखुरलेल्या खेड्यांवरच्या लेखाचं मराठी करायचं आहे. पॅरिशला (एका चर्चच्या हद्दीतल्या प्रदेशाला) 'गाव', हॅम्लेटला (चारदोन घरांच्या वस्तीला) 'वाडी', ग्रीनला 'हिरवळ' आणि कॉमनला 'गायरान' चालेल का? शिवाय लेखात चर्च गावापासून लांब, शेतात उभं असल्याचं म्हटलं आहे, ते कसं?

उत्तर: 'वाडी' बेलाशक घ्या. 'पाडा' मात्र नको, त्याने वाचकाच्या डोळ्यापुढे वेगळीच वस्ती उभी राहते. बाकी तीन शब्दांना थोडं थांबावं लागेल.

साउथ एल्मम नावाची एकसंध वस्ती नकाशावर सापडतच नाही. ऑल सेंट्स, सेंट क्रॉस, सेंट जेम्स, सेंट मार्गारेट, सेंट मायकल, सेंट निकोलस (ती आता ऑल सेंट्सला जोडलेली), सेंट पीटर अशा पॅरिशी आहेत. शेजारची इल्केट्शल नावाची चार खेडी धरून या सगळ्या पट्ट्याला तिकडे नुसतं 'द सेंट्स' म्हणतात. नवखा माणूस या वळणावळणाच्या रस्त्यांत हमखास चुकतो. पॅरिशीचं नाव हे शिवेच्या आतल्या सगळ्या जमिनीचं असतं, घरांच्या एखाद्या पुंजक्याचं नव्हे. म्हणजे आपल्या कागदपत्रांतला 'मौजे' हा शब्द अर्थाने सर्वांत जवळचा. ललित लेखात तो रुक्ष वाटेल, तिथे 'गाव' लिहा. पण 'गावात शिरताच' किंवा 'गावाच्या मध्यभागी' अशी वाक्यं टाळा. पांढरी (घरांची जागा) आणि काळी (शेतजमीन) अशी आपली वाटणी तिथे लागू पडत नाही, कारण एक अशी पांढरीच नाही.

पॅरिश मुळात चर्चचा प्रदेश. 1894 च्या कायद्याने ग्रामीण भागात निवडून आलेल्या पॅरिश कौन्सिल आल्या आणि कारभाराची पॅरिश चर्चच्या पॅरिशीपासून पुरती वेगळी झाली. या दुसऱ्या प्रकाराला, म्हणजे इंग्रजीतल्या 'सिव्हिल पॅरिश'ला, 'नागरी पॅरिश' म्हणू नका. मराठी वाचक 'नागरी' म्हणजे शहरी समजेल. 'प्रशासकीय पॅरिश' बरं.

आता एकट्या चर्चबद्दल. 'प्लेगने गाव ओस पडलं आणि वाचलेले लोक लांब जाऊन राहिले' ही गोष्ट अशा बहुतेक ठिकाणी ऐकू येते, आणि अनुवादक तीच भर म्हणून घालतात. घालू नका. उत्तर सफोकच्या जड चिकणमातीच्या पठारावर घरं चर्चजवळून उठून चराऊ जमिनींच्या कडेला सरकली ती साधारण बाराव्या शतकाच्या आसपास, म्हणजे 1348-49 च्या प्लेगच्या बरीच आधी. गुरं दारातून थेट चराईवर सोडता येत, हा त्यातला मोठा फायदा. दगडी चर्च काही हलवता येत नव्हतं. तेव्हा 'चर्च गावाबाहेर बांधलं' हे वाक्य चूक. गाव चर्चपासून दूर गेलं.

ज्या मोकळ्या जमिनीभोवती ही घरं बसली ती म्हणजे ग्रीन. 'हिरवळ' म्हटलं की बंगल्यापुढचं कापलेलं गवत आठवतं, म्हणून ते बाद. वर्णनात 'चराऊ कुरण' लिहा, आणि स्थलनामात आलं तर ग्रीन तसंच ठेवा. स्थलनामातला 'एंड'ही तसाच ठेवा: 'चर्च एंड' म्हणजे चर्चकडची वस्ती, चर्चचा शेवट नव्हे. सफोकच्या खेड्यांच्या नावातला 'स्ट्रीट' पाहून पेठ किंवा बाजार लिहू नका. बहुधा ती रस्त्याच्या कडेने पसरलेली चारदोन घरांची वाडी असते.

'कॉमन'ला 'गायरान' हा मोहात पाडणारा शब्द आहे, कारण काम तेच दिसतं. मालकीत फरक आहे. आपलं गायरान सरकारी मालकीचं. कॉमनची जमीन परंपरेने मॅनरच्या, म्हणजे तिथल्या जहागिरीच्या, जमीनदाराची, आणि तिच्यावर ठरावीक घरांना ठरावीक हक्क: गुरं चारायचा, सरपण आणायचा, कुठे जळणासाठी पीट (दलदलीतली कुजलेल्या वनस्पतींची माती) कापायचा, कुठे शरदात डुकरं ओकच्या फळांवर सोडायचा. किती जनावरं सोडायची यालाही अनेक ठिकाणी मर्यादा. म्हणजे 'सार्वजनिक जमीन'ही चूकच. 'सामाईक हक्काचं कुरण' लांबडं आहे, पण खोटं नाही. पहिल्यांदा ते लिहा आणि पुढे 'कॉमन' वापरा.

'हॉल'कडेही लक्ष असू द्या. सेंट पीटर्स हॉल हे सभागृह नाही, खंदक असलेला जुना वाडा आहे. सोळाव्या शतकात तो वाढवताना जवळच्या फ्लिक्स्टनच्या बरखास्त मठाचे दगड वापरले. खंदक म्हटल्यावर किल्लाही समजू नका. या चिकणमातीच्या मुलखात मध्ययुगात साध्या शेतकऱ्यांच्या घरांभोवतीही खंदक खणलेले आहेत; प्रतिष्ठा आणि पाण्याचा निचरा ही त्यामागची नेहमी दिली जाणारी कारणं.

आणि अशा लेखात 'व्हिलेज पाउंड' आलं तर चलनाशी संबंध जोडू नका. दुसऱ्याच्या शेतात शिरलेली गुरं कोंडायची आणि दंड भरल्यावर सोडायची ती कुंपणाची जागा. 'कोंडवाडा' लिहा, तळटीपसुद्धा लागणार नाही.