गंजी पेटवली, तरी अदखलपात्र नोंद?

प्रश्न : मंगळवेढा तालुक्यात आमची शेती आहे. बांधावरून चुलत भावाशी वाद आहे. गेल्या आठवड्यात रात्री कडब्याची गंजी आणि शेजारचे ठिबकचे पाइप जळाले. वस्तीवरच्या गड्याने त्याला तिथून पळताना पाहिलं. पोलिसांनी कलम ३२४(२) लावून अदखलपात्र नोंद घेतली. आता काय करावं?

उत्तर : कलमच चुकलं आहे. ३२४(२) हे साध्या नुकसानीचं, जास्तीत जास्त सहा महिने कैदेचं. मुद्दाम आग लावून नुकसान केलं की भारतीय न्याय संहितेचं ३२६(एफ) लागतं. शिक्षा सात वर्षांपर्यंत, गुन्हा दखलपात्र, म्हणजे न्यायालयाच्या आदेशाविना पोलीस तपास करू शकतात. जुन्या भारतीय दंड संहितेच्या ४३५ मधली शंभर रुपयांची, शेतमालाला दहा रुपयांची अटही आता नाही. गंजी राहत्या घराला किंवा माल साठवायच्या गोदामाला लागून असती आणि ते जळालं असतं, तर ३२६(जी) म्हणजे जन्मठेपेपर्यंत गेलं असतं.

ठाण्यात लेखी फिर्याद द्या. घेतली नाही तर तीच सोलापूर ग्रामीणच्या पोलीस अधीक्षकांना पोस्टाने पाठवा, पोच जपा. तरीही हालचाल नसेल तर भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या (फौजदारी प्रक्रियेचा नवा कायदा) १७५(३) खाली न्यायदंडाधिकाऱ्यांकडे प्रतिज्ञापत्रासह अर्ज. आधीच्या दोन पायऱ्यांचे कागद नसले की हा अर्ज तिथेच अडकतो.

खरी लढाई हेतूची आहे. समोरचा म्हणेल, बांधावरचं गवत पेटवलं, वारा सुटला. ते टिकलं तर प्रकरण न्याय संहितेच्या २८७ मधल्या हलगर्जीपणावर, पुन्हा सहा महिन्यांवर येतं. म्हणून बांधावरचं गवत न जळता फक्त गंजीच जळाली असेल, तर ते पंचनाम्यात यायलाच हवं. राख हलवू नका. रॉकेल-पेट्रोलचा अंश लवकर उडतो. नमुने पोलिसांनीच हवाबंद डब्यात सील करावेत. वरून वीजवाहिनी जाते का? जात असेल तर त्या रात्री बिघाड नव्हता, असं महावितरणकडून लेखी घ्या, नाहीतर शॉर्टसर्किटचा बचाव ठरलेला. तलाठ्याचा पंचनामा भरपाईला उपयोगी. पोलिसांच्या पंचनाम्याची जागा तो घेत नाही.

गड्याने जेवढं पाहिलं तेवढंच त्याच्या जबाबात असू द्या. पेटवताना कोणी पाहिलं नसेल तर तसं सांगा. भावकीतल्या सगळ्यांची नावं घालायचा मोह होतो, आणि उलटतपासणीत खरं नावही त्याच्याबरोबर वाहून जातं.

गावात तडजोड झाली तरी ३२६(एफ) आपसात मिटवता येत नाही. गुन्हा रद्द करायला उच्च न्यायालयातच जावं लागतं. सोलापूरकरांसाठी ते ऑगस्ट २०२५ पासून कोल्हापूरच्या सर्किट बेंचमध्ये.