पोदेर येतो तेव्हा डोळा लागतो

"फोंड्याजवळच्या गावात राहते, वय ४६. नवरा मालवाहू बोटीवर. घरी सासूबाई आणि बारावीतली मुलगी. चार महिने झाले, रात्री झोपच नाही. साडेनऊला पाठ टेकते आणि बारा, एक, दोन वाजलेले बघते. बोटीला रेंज मिळाली की यांचा फोन येतो, म्हणून मोबाइल उशाशी असतो. पोदेराचा, म्हणजे सकाळी पाव विकायला येणाऱ्याचा, भोंपू ऐकू येतो तेव्हा कुठे डोळा लागतो, आणि तीच उठायची वेळ. दुपारी जेवून दोन तास झोपते म्हणून दिवस निभावतो. ह्यांना यातलं काही सांगितलेलं नाही. शेजारणीने तिची झोपेची गोळी दिली आहे, घेऊ का?"

प्रिय ताई,

गोळी घेऊ नका. ती शेजारणीला तिच्या डॉक्टरांनी तिची प्रकृती पाहून दिली आहे. झोपेच्या बऱ्याच गोळ्यांची सवय लागते आणि मग त्या एकदम सोडताही येत नाहीत. पाकीट परत करा.

आता दुपारचं बोलते. हुमण-शीत, म्हणजे माशांची आमटी आणि भात, जेवून आडवं होणं आपल्याकडे गोव्यात हाडीमाशी खिळलेलं आहे, त्या वेळी बाजारातली दुकानंसुद्धा बंद असतात. पण झोप भुकेसारखी साठावी लागते. चारला पोटभर खाल्लं की रात्री पानावर घास उतरत नाही, तुमचं तेच होतंय. महिनाभर दुपारची झोप बंद करा. अगदीच डोळे मिटायला लागले तर तीनच्या आत, खुर्चीत, वीस मिनिटांचा गजर लावून. दुपारनंतर चहाही नको. त्यातलं कॅफीन अर्धं उतरायलाच पाच-सहा तास जातात.

याहून पटायला कठीण गोष्ट म्हणजे रात्री उशिरा झोपा. साडेनऊ ते सहा असे साडेआठ तास तुम्ही अंथरुणात असता आणि झोप मिळते त्याच्या निम्मीही नाही. उरलेला वेळ तिथे पडून काळजी करता, आणि गादी ही जागं राहण्याची जागा आहे हे शरीर पक्कं शिकून बसतं. तेव्हा सध्या बारापर्यंत अंथरुणाकडे फिरकू नका. उठायचं मात्र सहालाच, रविवारी आणि चवथीच्या दिवसांतसुद्धा. अंदाजे वीस मिनिटांत झोप लागली नाही तर कूस बदलत राहू नका, बाहेरच्या खोलीत मंद दिव्याखाली बसा, डोळे जड झाले की परत या. घड्याळ दिसेनासं ठेवा. आठवडाभर झोप नीट लागू लागली की झोपायची वेळ पंधरा मिनिटांनी अलीकडे घ्या, मग आणखी पंधरा. डॉक्टरही जुन्या अनिद्रेवर गोळीच्या आधी हीच पद्धत सुचवतात. पहिले काही दिवस फार थकवा येईल. त्या दिवसांत स्कूटर चालवू नका, मुलीला बसने जाऊ द्या. फिट येण्याचा किंवा मनाचा काही जुना आजार असेल तर मात्र डॉक्टरांना विचारल्याशिवाय झोपेचे तास कमी करू नका.

डॉक्टरांकडे तसंही जायचं आहेच. आठवड्यातून तीन रात्री, तीन महिन्यांहून जास्त झोप लागत नसेल तर ते दुखणंच समजतात. तुमच्या वयात पाळी जायच्या सुमारास रात्री घाम फुटून जाग येते, थायरॉइडनेही झोप उडते. घोरताना श्वास अडकतो का, हे मुलीला विचारून जा. मन सतत उदास वाटत असेल तर बांबोळीच्या मानसोपचार संस्थेत जायला संकोच करू नका. टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ हा नंबर रात्रीही लागतो.

राहिला उशाशी ठेवलेला मोबाइल. मला वाटतं, तुमची खरी जाग तिथेच आहे. फोन वाजला नाही तरी तुमचा कान तिकडे असतो. तो खोलीच्या दुसऱ्या टोकाला ठेवा, ह्यांच्या नंबरला वेगळी रिंग लावा आणि बाकी सगळे आवाज बंद करा. आला तर ऐकू येईलच, सारखा उचलून बघायला नको. आणि ह्यांना सांगा. ते काळजी करतील म्हणून तुम्ही गप्प आहात, पण बोटीवर रात्रीच्या पहाऱ्याची पाळी केलेल्या माणसाला तुटलेली झोप समजावून सांगावी लागत नाही. रेंज असेल तेव्हा फोन कधी करायचा आणि रात्री उशिरा नुसता मेसेज कधी पाठवायचा, हे दोघांनी मिळून ठरवा.