पुण्यात लहान मुलांची फुटबॉल अॅकॅडमी सुरू करायची आहे. डी लायसन पुरेल का आणि खर्च किती येईल?

डी लायसनवर, म्हणजे कोचिंगच्या सुरुवातीच्या लायसनवर, सुरुवात होते. पुढे त्याच्या वरचं सी कराच, कारण एआयएफएफचं, म्हणजे भारतीय फुटबॉल महासंघाचं, अॅकॅडमी अॅक्रेडिटेशन (मान्यता) घ्यायचं म्हटलं की कोचची लायसन्स बघतात, मुलांची सीआरएसवर, म्हणजे महासंघाच्या ऑनलाइन यादीत, नोंदणी आहे का बघतात, युथ लीग खेळता का तेही विचारतात. खर्चाचं म्हणाल तर बॉल, कोन, बिब्स यात कुणी बुडत नाही, बुडतो तो ग्राउंडच्या भाड्यात. शाळा सुटल्यावर तुम्हाला जो वेळ हवा तोच ऑफिसवाल्यांना टर्फसाठी हवा असतो, तासाला हजार-दीड हजार सहज जातात, म्हणून बरेच जण पहाटेची बॅच घेतात.

पण तुम्ही प्रश्नात खाली जोडलंय ना, "पहिल्याच वर्षी अंडर-१३ ची एखादी स्पर्धा मारली तर नाव होईल", तिथे माझं डोकं फिरलं. अगदी हेच माझा जुना पार्टनर म्हणायचा.

आम्ही दोघांनी सिंहगड रोडला बॅच चालू केली होती. मे महिन्यात खडकीला एक स्पर्धा होती. आमच्याकडे एक पोरगा, बारा-तेराचा, पण उंचीने माझ्या कानाला लागलेला, मिसरूड फुटायला लागलेलं. पार्टनरची टॅक्टिक एकच, गोलीने लांब लाथ घालायची, हा दोघा डिफेंडरना अंगावर घेऊन पळत सुटायचा, की गोल. मधली पोरं बॅडमिंटनचे प्रेक्षक असल्यासारखी माना वर करून बॉल बघत उभी. जिंकलो आम्ही. फोटो, फ्लेक्स, सगळं झालं, आणि खोटं कशाला बोलू, पुढच्या महिन्यात अॅडमिशनही धडाधड आल्या. फक्त एका बारक्या पोराचे बाबा गाडी काढता काढता मला म्हणाले, "सर, फी सगळ्यांची सारखीच आहे ना? नाही, सहज विचारलं." त्यांचा मुलगा अख्खी स्पर्धा बेंचवर होता. मी काही बोलायच्या आत पार्टनर म्हणाला, "काका, त्याला जरा खायला घाला."

मी रजिस्टर काढून जन्मतारखा बघितल्या. सोळातली अकरा पोरं जानेवारी ते एप्रिलमधली, बेंचवरचा डिसेंबरचा. आपल्याकडे वयोगट १ जानेवारीला कापतात, म्हणजे एकाच गटात अकरा महिन्यांचा फरक असतो, आणि त्या वयात अकरा महिने म्हणजे काय हे ज्याच्या घरात पोरं आहेत त्याला वेगळं सांगायला नको. हा काही माझा शोध नाही, कॅनडात आइस हॉकीच्या खेळाडूंच्या जन्मतारखा बघून १९८० च्या दशकातच हे मांडलं गेलंय. इंग्लंडमध्ये प्रीमियर लीगच्या अॅकॅडम्या त्यासाठी बायो-बँडिंगच्या मॅच घेतात, वयाऐवजी शरीराची वाढ किती झालीय त्यावरून गट पाडतात. हे सगळं पार्टनरला दाखवलं तर म्हणाला, जन्मतारखा दाखवून अॅडमिशन येत नाहीत. नाहीच येत.

आणि नुकसान कुणाचं झालं माहितीये, त्या उंच पोराचं. पंधरा-सोळापर्यंत बाकीचे उंचीला आले, वेगही आला, आणि याची सगळी जादू संपली. पाठीवर माणूस असताना बॉल घेऊन वळायचं कसं, डावा पाय कशाला असतो, त्याला कधी गरजच पडली नव्हती, म्हणून कुणी शिकवलंच नाही. आता खेळत नाही. बेंचवरचा पुढे स्टार वगैरे झाला असंही नाही, दहावीच्या क्लासपायी अॅकॅडमी सुटली, रविवारी मित्रांत खेळतो, पण खेळतो.

म्हणून तेरापर्यंत प्रत्येक पोरगं निम्मी मॅच खेळलंच पाहिजे, हरलात तर हरा. चार नंबरचा बॉल, लहान मैदान, कमी पोरं, म्हणजे प्रत्येकाच्या पायाला बॉल तरी लागतो. आणि फ्लेक्सवर आयएसएलची, म्हणजे इंडियन सुपर लीगची, स्वप्नं विकू नका. पुण्याचे मोठे क्लब बघा, पुणे एफसी गेला, डीएसके शिवाजियन्स गेला, एफसी पुणे सिटी २०१४ ते २०१९ खेळून बंद झाला. इथे घडलेले खेळाडूही बाहेरचे, आशिक कुरुनियन केरळातल्या मलप्पुरमचा, अनिकेत जाधव कोल्हापूरचा, तो बालेवाडीच्या क्रीडा प्रबोधिनीत आला आणि २०१७ चा अंडर-१७ वर्ल्ड कप खेळला. कोथरूड-बाणेरच्या पालकांना ही नावं सांगून फी घ्यायची म्हणजे जरा अतीच होतं.

आता हे सगळं लहान वयाचं बोलतोय. अंडर-१७ ला जिंकायलाच टीम उतरवा, तिथे समान मिनिटं वगैरे चालत नाही. शिवाय माझी बॅच छोटी आहे, निवासी अॅकॅडमीचं गणित मला विचारू नका. आणि माझ्या पार्टनरकडे आज माझ्यापेक्षा जास्त पोरं आहेत, तेव्हा धंदा म्हणून विचारत असाल तर त्याचंच ऐका.

पण भागीदारीत करणार असाल तर पैशाची वाटणी नंतर ठरवा, आधी कुणाला किती मिनिटं खेळवायचं ते कागदावर लिहून दोघांच्या सह्या घ्या. आम्ही फक्त पैशाचं लिहिलं होतं.