स्टार्टर उघडणारी मुलगी आणि कणभौतिकी

पत्र : मुलगी सेकंड पीयूसीला (बारावीला) आहे, दहावीपर्यंत मराठी माध्यम. सर्नचे (जिनिव्हाजवळच्या कणभौतिकीच्या प्रयोगशाळेचे) व्हिडिओ बघून कणभौतिकीत संशोधन करायचं म्हणते. एरवी शेतावरच्या मोटरीचा स्टार्टर उघडून बसलेली असते. आमचा विचार इंजिनियरिंगचा होता. संशोधनात पोट भरेल का? कैगाच्या अणुवीज केंद्रात नोकरी लागेल का?
– एक पालक, खानापूर तालुका

नमस्कार.

मार्क किती ते तुम्ही लिहिलं नाहीत, पण स्टार्टरचं लिहिलंत ते बरं केलंत. प्रायोगिक भौतिकीतल्या माणसाचे दिवस व्हॅक्युमची गळती शोधण्यात, केबली जोडण्यात, रात्रपाळीला डिटेक्टरवर, म्हणजे कण टिपणाऱ्या उपकरणावर, लक्ष ठेवण्यात जातात. उरलेला वेळ पायथन आणि सी प्लस प्लसमधलं प्रोग्रामिंग खातं. फळाभर समीकरणं मांडणारे सैद्धांतिक, ते वेगळे.

त्यासाठी जिनिव्हाच गाठावं लागतं असंही नाही. आपल्याच कर्नाटकात, कोलारच्या सोन्याच्या खाणीत, सुमारे २.३ किलोमीटर खोल मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेच्या (टीआयएफआर) शास्त्रज्ञांनी जपानी आणि ब्रिटिश सहकाऱ्यांबरोबर उपकरणं मांडली होती. १९६५ साली तिथं वातावरणात तयार होणाऱ्या न्यूट्रिनो नावाच्या सूक्ष्म कणांच्या खुणा सापडल्या. एवढं खोल कशाला? वरच्या खडकानं अवकाशातून येणारे बाकीचे वैश्विक किरण अडवावेत म्हणून. न्यूट्रिनो खडकाला जुमानत नाही. तिला हे सांगून बघा, बहुतेक तिला आधीच ठाऊक असेल.

कैगाला वीज तयार होते, तिथं मुख्यतः इंजिनियर आणि टेक्निशियन लागतात. तिची ओढ वेगळ्या कामाची आहे.

पोटापेक्षा प्रश्न वर्षांचा आहे. पाच वर्षं एम.एस्सी.पर्यंत, पीएचडीला पाच-सहा, पुढं दोन-तीन वर्षांच्या एक-दोन पोस्टडॉक (पीएचडीनंतरच्या मुदतीच्या संशोधन-नोकऱ्या), त्यातली एखादी परदेशात. कायमची जागा मिळेपर्यंत तिशी उलटते, आणि जागा थोड्याच असतात. पीएचडीत उपासमार होत नाही: जेआरएफ ही संशोधन शिष्यवृत्ती मिळाली तर २०२३ पासून महिना ३७,००० रुपये, वर घरभाडं. पण तेविसाव्या वर्षी घरात लग्नाचा विषय निघणार असेल, तर तो आत्ताच बोलून मोकळे व्हा. हुशारी कमी पडून पीएचडी सुटलेली मी फार थोडी पाहिलीत, घरच्या घाईनं सुटलेली बरीच.

मधे उतरायलाही थांबे आहेत. एम.एस्सी.नंतर बीएआरसीच्या (भाभा अणुसंशोधन केंद्राच्या) ट्रेनिंग स्कूलमध्ये निवड झाली, की वर्षभराच्या प्रशिक्षणानंतर सरकारी शास्त्रज्ञाची नोकरी. किंवा रेडिओलॉजिकल फिजिक्सचा डिप्लोमा करून कॅन्सर हॉस्पिटलात मेडिकल फिजिसिस्ट, म्हणजे किरणोपचाराची मात्रा ठरवणारा भौतिकीवाला. हे काम मला तरी कमी दर्जाचं वाटत नाही.

आता दरवर्षी आपल्याकडचे पालक जिथं चुकतात ते. राज्याच्या सीईटीच्या (इंजिनियरिंगच्या प्रवेश परीक्षेच्या) रँकवर आयसर किंवा नायसर या केंद्राच्या विज्ञान संस्थांना प्रवेश नाही. आयसरला आयएटी ही परीक्षा, भुवनेश्वरच्या नायसरला आणि तशाच मुंबईच्या सीईबीएसला नेस्ट ही परीक्षा. अर्ज वेगळे, तारखा वेगळ्या. नाहीच जमलं तर बेळगावातच फिजिक्स-मॅथ्स घेऊन बी.एस्सी. करू दे आणि तिसऱ्या वर्षी जॅम (आयआयटी वगैरेंच्या एम.एस्सी.ची प्रवेश परीक्षा) देऊ दे. एम.एस्सी. धारवाडला की कोल्हापूरला, हा वाद तेव्हा घालू. मराठी माध्यमाची काळजी नको. पीयूसीची पुस्तकं इंग्रजीतून वाचतेच आहे, अडतं ते गणित कच्चं राहिलं तर.

सीईटीचा फॉर्मही भरा, तो भरल्यानं काही बिघडत नाही. आणि स्टार्टर उघडायच्या आधी मेन स्विच पाडते ना, तेवढं बघा.