एच-४ ईएडीचं नूतनीकरण चार महिने रखडलंय, कार्ड पुढच्या महिन्यात संपतंय. हा काळ कसा काढायचा?

"कार्ड पुढच्या महिन्यात संपतंय" हे वाक्य मी २०२० साली रोज मनात घोकत होते, म्हणून लिहायला बसले. (एच-४ म्हणजे अमेरिकेत एच-१बी व्हिसावर नोकरी करणाऱ्याच्या जोडीदाराचा व्हिसा, आणि ईएडी म्हणजे त्या जोडीदाराचं कामाच्या परवान्याचं कार्ड.)

आधी कडू गोष्ट. तुमचा नूतनीकरणाचा अर्ज ३० ऑक्टोबर २०२५ ला किंवा त्यानंतर गेला असेल, तर कार्डावरची तारीख उलटली की काम बंद. मधली काही वर्षं ५४० दिवसांपर्यंत आपोआप मुदतवाढ मिळायची, एच-४ वाल्यांना फार तर आय-९४ च्या, म्हणजे अमेरिकेत राहण्याच्या मुदतीच्या नोंदीवरच्या, तारखेपर्यंत. नव्या अर्जांना ती नाही. "पावती दाखव आणि काम चालू ठेव" असं जुन्या अनुभवावर कोणी सांगत असेल तर ऐकू नका. आमच्या वेळी तर एच-४ ला कसलीच मुदतवाढ नव्हती. २०१७ पासून इतर काही प्रकारांना १८० दिवस मिळायचे, त्यात आम्ही नव्हतो.

माझं कार्ड १२ मार्च २०२० ला संपणार होतं. सहा महिने आधी अर्ज करता येतो, म्हणून सप्टेंबर २०१९ च्या पहिल्याच आठवड्यात मी फोटो, लग्नाचा दाखला, जुनं कार्ड, नवऱ्याच्या आय-१४० ची (ग्रीन कार्डासाठी कंपनीने केलेल्या अर्जाची) मंजुरी, सगळं वकिलाकडे पोचवलं. वकील नवऱ्याच्या कंपनीने नेमलेला. ऑक्टोबरात विचारलं तर "फाइल रांगेत आहे." नोव्हेंबरात तेच उत्तर. मला रोज फोन करावासा वाटायचा. पण माझे मोठे दीर १९९९ पासून अमेरिकेत आहेत आणि त्यांचं मत ठाम: वकिलाच्या मागे लागू नये, सारखं टोकलं की तो चिडतो आणि फाइल आणखी खाली जाते. नवरा म्हणाला, दादाला कळतं, त्याने हे सगळं केलंय. मी गप्प बसले. जानेवारीत कळलं की आमची फाइल बघणारी बाई नोव्हेंबरातच नोकरी सोडून गेली होती आणि तिच्या फायली कोणाकडेच दिलेल्या नव्हत्या.

अर्ज निघाला २२ जानेवारीला. मार्च २०१९ पासून एच-४ ची मुदत वाढवण्याच्या आय-५३९ अर्जाला बोटांचे ठसे सक्तीचे झाले होते, आणि एच-४ मंजूर होईपर्यंत ईएडी जागचं हलत नाही. मला ठशांची तारीख मिळाली २४ मार्च. १८ मार्चला कोविडमुळे ठसे घेणारी केंद्रं देशभर बंद झाली, ती उघडायला लागली १३ जुलैपासून. मला बोलावलं ऑगस्टच्या शेवटी. मंजुरी ऑक्टोबरात, कार्ड हातात नोव्हेंबरात.

१२ मार्चला गुरुवार होता. मी एका औषध कंपनीच्या प्रयोगशाळेत होते. आमच्याकडे नोंदवहीचं पान अर्धवट सोडायचं नसतं. उरलेल्या कोऱ्या भागावर तिरपी रेघ मारायची, सही करायची, तारीख घालायची, मग शेजारच्याने साक्षीची सही करायची. त्या दिवशी संध्याकाळी मी पाऊण पान कोरं असताना रेघ मारली. साक्षीची सही करणाऱ्या मुलीने विचारलं, सोमवारी येशील ना? मॅनेजर म्हणाला, घरून थोडा डेटा बघत जा, पैशांचं नंतर बघू. मी नाही म्हणाले. तुम्हीही नाहीच म्हणा. आपलंच काम बिनपगारी केलं तरी ते विनापरवाना काम ठरू शकतं, आणि तो डाग पुढे ग्रीन कार्डाच्या वेळी उकरून काढला जातो. जूनमध्ये माझ्या जागी दुसरी आली.

दीर आजही म्हणतात, कोविड आला त्याला वकील काय करणार? माझ्या एका मैत्रिणीचा अर्ज सप्टेंबरात गेला, ठसे नोव्हेंबरात झाले, कार्ड फेब्रुवारीच्या शेवटी आलं. कोविड तिच्याही वर्षी आलाच, पण तोवर तिचं काम झालं होतं.

आता तुमचं. पहिलं म्हणजे नवऱ्याच्या एच-१बी मुदतवाढीचा आय-१२९ मंजूर झालाय का ते बघा. तोच साध्या रांगेत पडून असेल तर तुमचा एच-४ त्याच्यामागे अडकलाय. आय-९०७ हा फॉर्म भरून तो मधेच प्रीमियममध्ये, म्हणजे जादा फीच्या जलद रांगेत, टाकता येतो आणि १५ कामकाजाच्या दिवसांत त्यावर हालचाल होते. एच-४ आणि ईएडी त्याच्याबरोबरच निकाली काढण्याचं बंधन मात्र आता नाही. कोर्टातल्या तडजोडीने ते आलं होतं, त्याची मुदत जानेवारी २०२५ मध्ये संपली. तरी रस्त्यातला एक धोंडा तर हटतो.

मॅनेजरला आजच सांगा. राजीनामा देऊ नका, बिनपगारी रजा मागा, लेखी मागा. घरखर्च याच महिन्यापासून एका पगारावर आणा, कार्ड संपायची वाट बघू नका. तुम्ही राहता त्या भागाच्या काँग्रेस प्रतिनिधीच्या ऑफिसातून चौकशी करवता येते. त्यासाठी मतदार असावं लागत नाही, एक संमतीपत्र भरून द्यायचं असतं. "कामाचा परवाना हवा" एवढ्याच कारणावर अर्ज तातडीने घेत नाहीत. कंपनीचं किंवा तुमचं मोठं आर्थिक नुकसान कागदावर दाखवावं लागतं. काही जण उशिराबद्दल थेट फेडरल कोर्टात जातात, पण तो खर्च आणि ताण सगळ्यांना झेपणारा नाही. भारतात जाऊन नव्या आय-९४ वर परत ये, असंही कोणी सुचवेल. १५ डिसेंबर २०२५ पासून एच-१बी आणि एच-४ च्या अर्जदारांची सोशल मीडिया तपासणीही सुरू झाली आहे आणि त्यात परतणं लांबू शकतं, त्यामुळे वकिलाशी बोलल्याशिवाय तिकीट काढू नका.

हे सगळं एच-४ पुरतं. एल-२ वर (कंपनीने बदली करून अमेरिकेत आणलेल्यांच्या कुटुंबाचा व्हिसा) असणाऱ्या जोडीदारांना नोव्हेंबर २०२१ पासून स्टेटसबरोबरच कामाची मुभा आहे, त्यांची गोष्ट वेगळी. आणि मी वकील नाही, तुमची फाइल मी पाहिलेली नाही.

पण वकिलाला मेल लिहा आणि लाजू नका. पावती क्रमांक, अर्ज पोचल्याची तारीख, आय-१२९ ची स्थिती, तिन्ही लेखी मागा. सीसीमध्ये नवऱ्याच्या कंपनीच्या एचआरला ठेवा, वकिलाचं बिल तेच भरतात. मी १९ जानेवारीला, दिरांना न विचारता, तसा मेल टाकला. चार महिने रांगेत असलेली फाइल तिसऱ्या दिवशी कुरिअरने निघाली.