निव्वळ नशिबाने लागलेल्या शोधाचं श्रेय शास्त्रज्ञाला का द्यायचं?

कावळा बसायला आणि फांदी तुटायला गाठ पडली, एवढंच असतं तर तुमचं म्हणणं पटलं असतं. पण नशीब फक्त विचित्र काहीतरी समोर आणून टाकतं. पुढची कटकट माणसालाच करावी लागते.

१९६४ साली आर्नो पेन्झियास आणि रॉबर्ट विल्सन अमेरिकेत एका भल्यामोठ्या, कर्ण्यासारख्या अँटेनावर काम करत होते. ती कुठेही वळवा, दिवस असो की रात्र, एक बारीक खरखर काही केल्या जाईना. आत कबुतरांनी संसार थाटला होता. कबुतरं हाकलली, विष्ठा खरवडून काढली (पुढे नोबेल मिळवणारे हात हे!), सांधे बुजवले. खरखर जशीच्या तशी. ती होती विश्वाच्या बाल्यावस्थेतल्या प्रारणाची, म्हणजे तेव्हापासून अवकाशभर पसरून राहिलेल्या किरणांची. ते प्रारण सापडायला हवं, असं भाकीत आधीच झालेलं होतं, आणि जवळच प्रिन्स्टनला एक गट ते शोधायची तयारी करत होता. या दोघांना मात्र त्याचा पत्ताच नव्हता! १९७८ चं नोबेल यांनाच मिळालं, आणि माझ्या मते ते योग्यच होतं. ‘यंत्रातच दोष असेल’ म्हणून सोडून देणं किती सोपं होतं.

पेनिसिलिनचंही तेच. बुरशीजवळ जंतू वाढत नाहीत हे पेनिसिलिनचा शोध लावणाऱ्या अलेक्झांडर फ्लेमिंगच्या आधीही काहींच्या नजरेला आलं होतं. १९२८ मध्ये तो मात्र जंतू वाढवायच्या, बुरशी लागलेल्या एका बशीपाशी थांबला. त्यातून औषध तयार व्हायला १९४० चं दशक उजाडलं. ते काम फ्लोरी आणि चेन यांच्या गटाचं, आणि ते निव्वळ चिकाटीचं.